शेव वेगळी बांधून

सातपूर, ९ जानेवारी २०००

ती. नवसाअक्का यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. सुवर्णाचं तेरावं उरकून तुम्ही हरसूलच्या गाडीत चढलात, तेव्हा मागे वळून पाहिलं नाहीत. त्याला सात महिने झाले. मधल्या काळात मी पत्र टाकलं नाही, कारण पत्र लिहायची सवयच नाही. तुम्हाला पत्रं सुवर्णा लिहायची आणि शेवटी उरलेल्या जागेत 'यांचाही नमस्कार' हे माझ्या वतीने तीच टाकायची.

आज कारण पडलं आहे. डिसेंबरात पाळीवर असताना लेथसमोरच छातीत कळ आली आणि मी खाली बसलो. सहा दिवस दवाखान्यात होतो. डॉक्टर तरुण आहेत, पण बोलायला आमच्या फोरमनपेक्षा कडक. तळलेलं बंद, फरसाण बंद, बेकरीचं बंद, वरून मीठ घेणं बंद. मी विचारलं, मग खायचं काय? म्हणाले, घरचं साधं खा. अक्का, आम्हाला मूलबाळ नाही हे तुम्ही जाणताच. घरात मी एकटा. घरचं म्हणजे कोणाच्या हातचं?

माझं निम्मं आयुष्य गेटासमोरच्या बहिरूच्या गाडीवर गेलं. साडेतीनचा भोंगा झाला की मित्रमंडळींबरोबर मिसळ, वर दोन वडे, कधी भजी, आणि मग भूक मारून घरी. सुवर्णा ताट वाढायची तेव्हा मी त्यावर मूठभर शेव पसरायचो आणि तरी म्हणायचो, की हे दवाखान्यातलं जेवण झालं. आता सहा दिवस खरंखुरं दवाखान्यातलं जेवलो. ते तिच्या जेवणाच्या जवळपासही नव्हतं.

सध्या मी मागच्या गेटाने बाहेर पडतो आणि गिरणीवरून लांबचा रस्ता धरतो. तरी वारा तिकडून असला की तळणीचा वास येतोच, आणि तोंडाला असं पाणी सुटतं की माझी मलाच लाज वाटते. घरी येऊन दार लावून बसतो. शेजारच्या सुमनबाई भाजी हवी का विचारतात, पण रोज दुसऱ्याच्या दारात वाटी घेऊन किती उभं राहायचं?

तुमच्या शेतातली थोडी नागली पाठवाल का? आणि भाकरी कशी करायची तेही लिहा. सुवर्णा करायची तशीच हवी.

आपला,
झुंबर


हरसूल, २१ जानेवारी २०००

झुंबरदाजी,

पत्र मिळालं. अंगणवाडीतली मुलं घरी गेल्यावर दोनदा वाचलं. जिवावरचं दुखणं दीड महिन्यांनी कळवता, याला काय म्हणावं?

बसमध्ये चढताना मागे पाहिलं नाही, कारण मला राग आला होता. कशाचा ते आता विचारू नका. आजारी माणसाला सांगायची ती गोष्ट नव्हे.

बाजाराला आलेल्या माणसाबरोबर पाच किलो नागली दळून पाठवली आहे. सोबत वरई आणि खुरासणीची चटणी आहे. चटणीत मीठ बेतानेच घातलं आहे, उगाच नाक मुरडू नका. भाकरीचं असं, की पाणी उकळलं की त्यात पीठ टाकायचं, झाकण ठेवायचं, निवायच्या आत मळायचं. हात भाजेल. भाजला तर भाजू द्या, सुवर्णाचाही भाजायचा. पीठ गार होऊ दिलंत तर भाकरी थापताना फाटेल आणि तुम्ही नागलीला नावं ठेवाल.

भाकरी जमेपर्यंत सुमनबाईंची भाजी घेत जा. त्यात कमीपणा नाही. आणि चहाबरोबर खारी खाता की नाही ते लिहिलं नाहीत, म्हणजे खात असणार.

नवसाबाई


सातपूर, ५ मार्च २०००

अक्का,

खारी खात होतो. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून सोडली.

भाकरीचं विचाराल तर पहिल्या आठवड्यात जे काही तव्यावर पडलं त्याला भाकरी म्हणणं बरोबर नाही. तीस वर्षं लेथवर केसाएवढा फरक पकडणारा माणूस मी, पण पिठाचा गोळा माझं ऐकत नव्हता. आता गोल होते. चवीचं मात्र कठीण आहे. तोंडात माती धरल्यासारखं वाटतं. चटणीने जरा गिळवतं, बाकी पाण्याबरोबर ढकलतो. जेवून उठलं तरी काहीतरी खायचं राहिलं असं वाटत राहतं, आणि ते काय हे मला पक्कं माहीत असतं.

तुमच्यापासून लपवत नाही. फेब्रुवारीत एकदा घसरलो. बहिरूच्या गाडीमागे, कोणाला दिसणार नाही अशा बेताने उभा राहून दोन वडे खाल्ले. बहिरूने तिसरा पुढे केला. तोही खाल्ला. मग तिथेच रडू आलं. तोंड पुसायचा कागद डोळ्यांना लावला तर तिखट लागून आणखी पाणी आलं. त्या दिवसापासून तिकडे गेलो नाही. पण स्वप्नं पडतात, अक्का. माणसाला गेलेली बायको स्वप्नात दिसावी, मला मिसळ दिसते. हे लिहितानाही लाज वाटते.

एक गंमत सांगतो. परवा तांदळाचा डबा पुसायला काढला तर त्याच्या मागे कागदात बांधलेली शेवेची पुडी सापडली. दोरा तसाच, उघडलेलीसुद्धा नव्हती. पार खवट झाली होती. बिचारीने माझ्यासाठीच ठेवली असणार, की ऐन वेळी घरातली शेव संपली तर माझी चिडचिड नको. मी हावऱ्यासारखा ती हुंगत बसलो आणि मग टाकून दिली.

झुंबर


हरसूल, २६ मार्च २०००

दाजी,

घसरलात तर घसरलात, उठलात हे महत्त्वाचं. तुमची जीभ अजून बहिरूच्या ताब्यात आहे. तिला वेळ द्या. अंगणवाडीत नवीन आलेलं मूल चार दिवस बिस्किटासाठी गळा काढतं, पाचव्या दिवशी उसळ मागून घेतं. तुम्हाला मुलापेक्षा जास्त दिवस लागतील एवढंच.

ती पुडी टाकलीत का? कागद कसला होता? हिरव्या शाईचा छाप होता का त्यावर?

असो. माझा गुडघा फार दुखतो आहे. वर्षश्राद्धाला त्र्यंबकला यायचं जमेल असं वाटत नाही.

नवसाबाई


सातपूर, १८ जून २०००

अक्का,

वर्षश्राद्ध झालं. गुरुजींनी सांगितलं तसं सगळं केलं. तुम्ही नव्हतात, त्यामुळे तिच्या माहेरचं कोणीच नव्हतं. पुडीवर छाप होता, हिरवा की कसा ते आठवत नाही. का विचारलंत?

आज मात्र चांगलं सांगण्यासाठी लिहितो आहे. माझी जीभ फिरली, अक्का. कोणत्या दिवशी ते सांगता येणार नाही. एप्रिलात एकदा भाकरीचा तुकडा नुसताच चघळत होतो, तर तो गोड लागला. मला वाटलं पिठात कोणी साखर टाकली. मग काकडी खाल्ली, तिला वास आला. गेली तीस वर्षं काकडी म्हणजे मला मीठ लावायची जागा वाटत होती. वरईचा भात, पातळ ताक, तुमची खुरासणी, सगळं वेगवेगळं कळतं. परवा एक जण निवृत्त झाला म्हणून कारखान्यात समोसे वाटले. मान राखायला कोपरा मोडला, तर जिभेवर नुसतं मीठ आणि जुनं तेल. उरलेला कागदात गुंडाळून ठेवून दिला. हाच का तो, ज्याच्यासाठी मी जीव टाकत होतो?

हे सांगायला माणूस शोधत होतो. गाडीवरची मंडळी आता माझ्याशी फारसं बोलत नाहीत. भांडण नाही, पण आमची बोलायची जागा तीच होती. हातात प्लेट नसलेल्या माणसाशी तिथे काय बोलणार? त्या दिवशी घरी आलो आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणालो, सुवर्णा, तुझी भाकरी गोड आहे गं.

अक्का, मनापासून सांगतो. उशीर झाला, पण मी सुवर्णाच्या चवीला आलो. तिला जे आवडायचं ते आता मला आवडतं. ती असती तर आम्ही दोघं एका ताटात जेवलो असतो. एकटं बसून जेवताना निदान एवढं तरी वाटतं, की आपण तिच्या जवळ बसलो आहोत.

तुमचा,
झुंबर


सातपूर, ३ सप्टेंबर २०००

अक्का,

जूनमधल्या पत्राला तुमचं उत्तर नाही. गुडघा वाढला का? की माझं काही चुकलं? नागली संपली म्हणून लिहीत नाही, बाजारात मिळते. तुमच्या पत्राची वाट पाहायची सवय झाली आहे म्हणून लिहितो. पोस्टमन आमच्या गल्लीत आला की मी कारण नसताना बाहेर येऊन उभा राहतो.

पितृपक्ष लागतो आहे. शुक्रवार, बावीस तारखेला अविधवा नवमी. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईचा तो दिवस. सवाष्ण म्हणून सुमनबाईंना जेवायला सांगितलं आहे आणि स्वयंपाकही त्याच करणार आहेत. सुवर्णाचं पान मांडायचं, त्यात तिच्या आवडीचं एक तरी हवं, नाहीतर ती उपाशी जाते असं त्या म्हणतात. मी लगेच सांगितलं, नागलीची भाकरी, वरई आणि बिनतिखटाची दोडक्याची भाजी. त्या म्हणाल्या, "भाऊ, नक्की ना? अक्कांना एकदा विचारून घ्या."

त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं नाही. सत्तावीस वर्षं मी तिच्या हातचं जेवलो, मला माहीत नसेल तर कोणाला असेल? पण तिचं पान चुकायला नको. जन्मभर तिच्या ताटाला नावं ठेवली, हे एक पान तरी बरोबर मांडायचं आहे. तुम्ही लिहा. जमलं तर याच.

झुंबर


हरसूल, १२ सप्टेंबर २०००

दाजी,

गुडघा बरा आहे. उत्तर दिलं नाही, कारण तुमचं जूनचं पत्र वाचून मी ते चुलीत घालायला निघाले होते. 'सुवर्णाच्या चवीला आलो' असं लिहिलंत. आठ महिने मी तोंड बंद ठेवलं, कारण तुमच्या छातीची काळजी होती. पण आता पानाचा प्रश्न आहे, तिथे मी खोटं चालू देणार नाही.

नागली आणि वरई माझ्या आवडीची. सुवर्णाला लहानपणापासून चमचमीत लागायचं. शिवरात्रीला त्र्यंबकला गेलो की देवाच्या रांगेत तिचं लक्ष नसायचं, भेळेच्या टोपलीकडे असायचं. आई म्हणायची, हिला शेववाल्याच्या घरीच द्यायला हवी. तुमचं लग्न झालं त्या वर्षी तुम्ही बहिरूकडची मिसळ बांधून घरी आणत होतात. आठवतं का? तिने मला चार पानी पत्र लिहिलं होतं. 'हे शेव वेगळी बांधून आणतात, म्हणजे घरी येईपर्यंत मऊ पडत नाही. माझ्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं.' ते पत्र माझ्याकडे आहे. पुढे तुम्हाला गाडीवर मित्र भेटले आणि घरी आणायचं बंद झालं. तिने तेही मनाला लावून घेतलं नाही. घरीच करायची आणि तुम्हाला वाढून मग स्वतः खायची.

अठ्ठ्याऐंशी साली कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली. तुमच्या कागदावर रक्तदाब लिहून आला. तुम्ही हसलात आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकलात. तिने तो काढला आणि डॉक्टरांकडे जाऊन विचारून आली. दुसऱ्या दिवसापासून तिने तेल, मीठ, तिखट कमी केलं. मी म्हटलं, त्यांना कर साधं, तुझ्यापुरतं वेगळं कर. तर म्हणाली, "त्यांच्याम्होरं मी चमचमीत खायचं आन त्यांना नको म्हनायचं, ह्ये मला नाय जमायचं." अकरा वर्षं तिने ते साधं जेवण तुम्ही म्हणता तसंच, पाण्याबरोबर ढकललं. तुम्ही त्याला दवाखान्यातलं म्हणायचात, आणि वर समोर बसून शेव पसरायचात. सुमनबाईंना हे सगळं ठाऊक आहे.

आणि ती पुडी. गेल्या वर्षी शिवरात्रीला मी स्वतः घेऊन तिच्या हातात दिली होती. हिरव्या छापाचा कागद होता. मी म्हटलं, इथेच खा, कोण बघतंय? म्हणाली, "ह्ये एक दिवस गाडीवर न थांबता सरळ घरी आले, की त्या दिवशी दोघं मिळून खाऊ." जूनमध्ये ती गेली. तेराव्याला मी तांदूळ काढायला डबा उचलला, तर पुडी तशीच होती. म्हणून मी मागे वळून पाहिलं नाही.

तुम्हाला टोचायचं म्हणून लिहिलं नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पण तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं. काय मांडायचं ते आता तुम्हीच ठरवा. मी येत नाही, मला तिथे बघवणार नाही.

नवसाबाई


सातपूर, २४ सप्टेंबर २०००

अक्का,

तुमचं पत्र मिळाल्यावर दोन दिवस मी कामावर गेलो नाही. तो तपासणीचा कागद मी शोधला. ड्रॉवरमध्येच आहे. मागच्या बाजूला तिने पेन्सिलीने लिहिलं आहे, 'मीठ अर्धं. तेल दोन चमचे. हळूहळू करणे, एकदम कळू न देणे.' मला खरंच कळलं नाही. ती रोज थोडं कमी करत गेली आणि मी रोज थोडी शेव वाढवत गेलो.

नवमीला रजा टाकली. सकाळी मुद्दाम पुढच्या गेटाने बहिरूच्या गाडीवर गेलो. सात महिन्यांनी मला बघून बहिरूला कोण आनंद. विचारायच्या आधीच त्याने वडा पुढे केला. मी म्हटलं, खायला नाही आलो. एक मिसळ बांध, रस्सा वेगळा आणि शेव वेगळी. त्याचा हात थांबला. म्हणाला, "लय वर्सांनी शेव येगळी मागितली तुम्ही. लगीन नवं व्हतं तवा मागायचे." म्हणजे बहिरूच्याही लक्षात होतं. पैसे घ्यायला तयार नव्हता, मी जबरदस्तीने दिले.

घरी सुमनबाईंनी खीर, वडे, भोपळ्याची भाजी असं रीतीप्रमाणे सगळं केलं होतं. मी मिसळ ठेवल्यावर म्हटलं, यात कांदा-लसूण आहे, पितरांच्या पानाला चालेल का? त्या म्हणाल्या, "वहिनीचं पान आहे भाऊ, गुरुजींचं नाही." मग मी द्रोणात मिसळ वाढली, रस्सा ओतला आणि अगदी शेवटी, पानासमोर बसून, शेवेची पुडी सोडून ती वर घातली. मऊ पडायला नको म्हणून. लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिला वाढलं. इतकी वर्षं ती वाढायची आणि मी नावं ठेवायचो.

पान थोडा वेळ ठेवलं. मग सुमनबाई जेवून गेल्या आणि तिच्या पानावरचं मी खायला बसलो. डॉक्टरांचं ऐकून एकच घास घेतला. अक्का, मला वाटलं होतं, आज तरी मी तिच्या जवळ बसेन. पण तोंड पोळलं, घशात मीठ साचलं, डोळ्यांतून पाणी आलं आणि चव काही लागली नाही. ज्या चवीसाठी मी तिला एकटं ठेवून रोज गाडीवर उभा राहिलो, ती आज तिच्याबरोबर खायची म्हटली तर माझ्या जिभेवर उरलेलीच नाही. मला तिची खरी आवड कळली तेव्हा ती मला करू बघत होती तसा, साधं जेवणारा माणूस मी झालो होतो. जिने इतकी मेहनत घेतली, ती बघायला नाही.

आता मी रोज भोंगा झाला की पुढच्या गेटाने निघतो, गाडीवरून जातो, बहिरूला हात करतो आणि न थांबता सरळ घरी येतो. पावणेचारला दारात असतो. कुलूप मलाच काढावं लागतं.

बहिरूने शेव जरा जास्तच बांधली होती. उरलेली मी दोऱ्याने बांधून तांदळाच्या डब्यामागे ठेवली आहे, तिची होती तिथेच. मला ती खाता येत नाही आणि या वेळी मी ती टाकणारही नाही. तुम्हाला नागली आवडते हे आता मला माहीत आहे, भाकरी मी गरम करून घालीन. पण तुम्ही तिची बहीण आहात, दोन काड्या तिच्या वाटच्या तुम्ही खाल्ल्यात तर चालेल. राग असला तर रागासकट या. शेव अजून कुरकुरीत आहे.

झुंबर